इंटरकूलर काळा करून घ्यावा का? रंग, मजुरी आणि गोव्याची हवा

टर्बो गाडीच्या बंपरच्या जाळीतून दिसणारा चकचकीत इंटरकूलर (टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी, पातळ पात्यांची पेटी) मॅट काळा करून देण्याचं काम हल्ली डिटेलिंगवाले घेतात, अ‍ॅक्सेसरीवाले घेतात, ओळखीचा डेंटिंग-पेंटिंगवालाही "त्यात काय, दोन हात मारून देतो" म्हणतो. सोबत ठरलेली जाहिरात असते: काळा रंग उष्णता जास्त फेकतो, इंजिनात हवा थंड जाते, पिकअप सुधारतो. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढची दोन त्यातून निघत नाहीत. गाडी दिसायला बरी वाटावी म्हणून करून घ्यायचं असेल तर काम चांगलं आहे, आणि पातळ हाताने केलं तर गाडीचं काही बिघडत नाही. थंडाव्यासाठी पैसे मोजणार असाल तर मोजू नका.

हिशेब सोपा आहे. बाहेर ३० अंश असताना टर्बोने १ बार बूस्ट दिला, म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी जवळपास तेवढाच दाब चढवला, आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १२५ अंशांच्या आसपास असते. इंटरकूलर ती ५० ते ५५ अंशांपर्यंत उतरवतो. दीड लिटरचं डिझेल इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण १०० ग्रॅम हवा ओढतं. एवढी हवा ७० अंशांनी थंड करायची तर सुमारे ७ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. ही जवळजवळ सगळी उष्णता पात्यांमधून वाहणारा वारा घेऊन जातो. रंगाचा संबंध येतो तो फक्त प्रारणाशी, म्हणजे पृष्ठभाग किरणांच्या रूपात जी उष्णता टाकतो तिच्याशी, आणि त्याचा वाटा बघा: समोरचा चेहरा ६० बाय २० सेंटिमीटर म्हणजे ०.१२ चौरस मीटर, पृष्ठभाग ८० अंश, भोवताली ३३ अंश. मॅट काळा रंग एवढ्यावर साधारण ४० वॅट बाहेर टाकतो, कोरं अ‍ॅल्युमिनियम ५ वॅटच्या आसपास. मिळकत ३५ वॅट. सात हजारांत पस्तीस, म्हणजे अर्धा टक्का. हवेच्या तापमानात धरलं तर अंशाचा तिसरा हिस्सा.

हा हिशेबही रंगाच्या बाजूने झुकवलेला आहे. इंटरकूलरच्या पात्यांमधल्या खोल फटी मुळात काळ्याच दिसतात, कारण आत शिरलेला प्रकाश पुन्हा बाहेर येत नाही. उष्णतेच्या बाबतीतही त्या फटी बऱ्याचशा काळ्या पृष्ठभागासारख्याच वागतात. आतली पाती एकमेकांकडे तोंड करून असतात, त्यांनी टाकलेलं प्रारण शेजारचं पातं घेतं. म्हणून आतपर्यंत रंग गेला तर फायदा वाढतो हा समज चुकीचा आहे. वाढतो तो तोटा.

तोटा कसा, तेही आकड्यात. रंगाचा २५ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्श्याचा) थर उष्णतेला जो अडथळा करतो तो पात्यावरून वाहणाऱ्या हवेच्या अडथळ्याच्या एखाद टक्का असतो. तेवढ्याने काही होत नाही. पण स्प्रेचा डबा सरळ समोर धरून तीन-चार जाड हात मारले की थर १०० मायक्रॉनवर जातो, आणि दोन पात्यांमध्ये २ मिलिमीटर जागा असेल तर दोन्ही बाजूंचा मिळून ०.२ मिलिमीटर रंगच खाऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे पात्यांवर कापलेले लूव्हर. त्या बारीक झडपा वाऱ्याला सतत तोडून नवा ठेवतात, अर्धं काम त्यांचंच. त्यांची फट मिलिमीटरच्याही आत असते आणि ओला रंग त्यात पडद्यासारखा ताणून बसतो. असा बुजलेला इंटरकूलर बाहेरून एकदम देखणा दिसतो! तो मोकळा करायचा तर रंग उतरवायचं रसायन वापरावं लागतं, आणि त्यातली बरीच अ‍ॅल्युमिनियमची पाती खातात.

मागच्या बाजूला रंग लावूच नये. इंटरकूलरच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतात. गाडी सावकाश चालू असते किंवा पर्वरीच्या रांगेत उभी असते, तेव्हा रेडिएटर ९० अंशांवर आणि इंटरकूलर त्याच्यापेक्षा बराच थंड. काळी पाठ त्या वेळी उष्णता आत ओढते. बॉनेटवर स्कूप, म्हणजे वारा आत घेणारं तोंड, असलेल्या गाड्यांमध्ये, जसं पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसतो. तिथे खालून काळा करणं म्हणजे इंजिनाची धग मुद्दाम बोलावून घेणं. स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय इंजिनात तर इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाच्या) आत असतो आणि पाण्याने थंड होतो. कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस यांच्या मालकांना कोणी "इंटरकूलर काळा करून देतो" म्हणालं, तर तो नेमकं काय रंगवणार आहे ते आधी दाखवायला सांगा.

रंगाच्या डब्यांविषयी. दुकानात सगळ्यात आधी पुढे केला जातो तो ६०० अंशांचा हाय टेम्परेचर मॅट ब्लॅक. सायलेन्सरला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तो योग्य आहे. इंटरकूलरला नाही. हे सिलिकॉन रेझिनचे रंग हवेवर फक्त कोरडे होतात, पक्के होतात ते २०० अंशांच्या आसपास भाजल्यावर. इंटरकूलरचा सर्वांत गरम कोपरा १२०-१२५ वर जातो, तोही पूर्ण जोरात. बाहेर पडायच्या बाजूला जेमतेम ५० अंश. त्यामुळे रंग कायम अर्धा कच्चा राहतो, नखाने निघतो आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसला जातो. मग पेंटर म्हणणार, "साहेब, अ‍ॅल्युमिनियमवर रंग धरत नाही." धरतो. चुकीचा डबा घेतलेला असतो.

योग्य डबा म्हणजे हवेवर वाळणारा, इंजिन इनॅमल म्हणून मिळणारा मॅट काळा. तो नसेल तर साधा अ‍ॅक्रिलिक मॅट काळाही पात्यांच्या चेहऱ्याला चालतो, फक्त इंटरकूलरच्या टर्बोकडच्या टोकाला असलेल्या गरम टाकीवर तो लवकर फिका पडतो. चकाकणारा काळा घेऊ नये. उष्णतेच्या दृष्टीने फरक नगण्य, पण जाळीमागे तो अल्युमिनियमइतकाच चमकतो आणि मग सगळा खटाटोप कशासाठी? गंज लागू नये म्हणून अंडरबॉडी कोटिंग मारून देणारेही आहेत. डांबर-रबराचा तो जाड थर चॅसिससाठी असतो, पात्यांवर तो घोंगडी पांघरल्यासारखा बसतो. पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत होतं आणि थर ६० ते १०० मायक्रॉनचा येतो. कंपनीच्या बहुतेक इंटरकूलरना दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, त्या रबरी गॅस्केटवर पत्रा मुडपून बसवलेल्या. भट्टीतून काढल्यावर त्या टाक्या वाकलेल्या आणि गॅस्केट मेलेलं. आख्खा अ‍ॅल्युमिनियमचा, वेल्ड केलेला बाजारी इंटरकूलर असेल तरी पावडर फक्त टाक्यांवर, पाती झाकून.

आता कामाचा क्रम. यावरूनच चांगलं दुकान ओळखू येतं. बंपर न उतरवता जाळीतून फवारा मारणाऱ्याकडून उठून यावं, कारण तो रंग इंटरकूलरच्या आरपार जाऊन कंडेन्सर आणि रेडिएटरवर बसतो, आणि खाली मीठ-मातीचा थर तसाच राहतो. एका पावसाळ्यात पापुद्रे निघतात. इंटरकूलर गाडीतून बाहेर काढलाच पाहिजे. आपल्या गाडीत तो काढताना एसीची पाइप सोडावी लागत असेल तर रंगाचा विचारच सोडा, एवढ्यासाठी गॅस काढून पुन्हा भरण्यात अर्थ नाही.

बाहेर आल्यावर आधी तो उभा धरून आतलं तेल निथळू द्यायचं. चमचाभर तेल निघणं नेहमीचं आहे, क्रॅंककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली, तेलकट वाफ त्याच वाटेने जाते. वाटीभर निघालं तर रंग राहू दे, टर्बोचा सील तपासा. आतून धुतलं असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय बसवायचं नाही. डिझेल इंजिनाने आत साचलेलं रॉकेल किंवा तेल ओढलं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी ते त्याच इंधनावर धावत राहू शकतं.

बाहेरून धुवायला भांडी घासायचा साबण आणि नळाची साधी धार पुरते, मागून पुढे. प्रेशर वॉशर जवळून मारला की पाती झोपतात, कारण त्यांचा पत्रा ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा असतो. कॉस्टिक असलेली द्रावणं आणि एसीच्या कॉइलसाठी मिळणारी तीव्र रसायनं नकोत. अ‍ॅल्युमिनियम फेसाळून स्वच्छ दिसतं खरं, पण तो फेस धातू विरघळतो म्हणूनच येतो. डिचोली, साखळी, उसगाव, कुडचडे भागात फिरणाऱ्या गाड्यांत लाल माती खालच्या तिसऱ्या भागात घट्ट बसलेली असते. होजच्या सांध्यातून झिरपलेलं तेल त्यात मिसळलं की ती विटेसारखी होते आणि एका धुण्यात निघत नाही. साबणाचं पाणी तासभर मुरू द्यावं, मग धार. झोपलेली पाती फिन कोंबने, म्हणजे पाती विंचरायच्या कंगव्याने, सरळ करावीत. सांगायची गोष्ट ही, की रंगवल्यावर "गाडी थंड राहते" असं ज्यांना खरोखर जाणवतं, त्यांना या धुण्याचा फरक जाणवलेला असतो. श्रेय रंगाला जातं.

पाइपांची तोंडं बाहेरून पिशवी बांधून झाकायची, आत कागदाचा बोळा कोंबायचा नाही. विसरलेला बोळा इंजिनात जातो. जिथे रबरी होज चढतो ती कड, ओ-रिंगची खाच आणि सेन्सरचं भोक टेपने झाकावं. कडेवर रंग राहिला तर होज क्लॅम्पखाली सरकतो आणि बूस्ट गळतो. टाक्या आणि कडेच्या पट्ट्या बारीक स्कॉच-ब्राइटने घासायच्या, पात्यांना हात लावायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणाऱ्या प्रायमरचा, एक पातळ हात, प्लॅस्टिकच्या टाकीला काहीही नको, ती मुळातच काळी असते. पात्यांना प्रायमर नाही.

फवारा मारताना डबा २५ ते ३० सेंटिमीटर लांब, आणि सरळ समोरून न धरता ४५ अंशांच्या तिरप्या कोनात. तिरपा रंग पात्यांच्या कडेवर अडतो, तीन ते पाच मिलिमीटरच्या पलीकडे शिरत नाही, आणि जाळीतून दिसतो तेवढाच भाग असतो. एकदा वरून, एकदा खालून, मग डाव्या-उजव्या बाजूने, दहा मिनिटांच्या अंतराने दोन हलके हात. ओलसर चमक दिसली की हात जड झाला. ४०० मिलीच्या डब्यातला पाव भाग एवढ्या कामाला पुरतो. पेंटरने आख्खा डबा संपवला असेल तर तो रंग कुठेतरी गेलाय, आणि ते ठिकाण लूव्हरच आहे. सर्वांत सोपी परीक्षा मोबाइलच्या टॉर्चची: रंगवण्याआधी मागून टॉर्च धरून समोरून फोटो काढून ठेवायचा, नंतर तसाच दुसरा. प्रकाश कमी झालेला दिसला तर काम परत करून मागा. चांगला दुकानदार हा फोटो न मागता दाखवतो.

बसवण्याआधी गळती तपासणंही याच मजुरीत करून घ्यावं. एक तोंड बंद करून दुसरीकडून गाडीच्या बूस्टएवढीच, १ ते १.५ बार हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. त्याहून जास्त दाब देऊ नये, आणि बंद केलेल्या तोंडासमोर उभं राहू नये.

गोव्यात हे काम कोणत्या महिन्यात करायचं, यावर निम्मं यश अवलंबून आहे. धातूचं तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी वर असावं हा रंगकामाचा नियम. जुलैत २८ अंशांची हवा आणि २५ अंशांचा दवबिंदू, म्हणजे काठावरच उभे. डब्यातून निघणारा फवारा उडताना धातूला आणखी थंड करतो, त्यावर पाणी धरतं, आणि काळा रंग वाळल्यावर राखाडी-पांढरट धुकट दिसतो. चवथीच्या आधी गाडी नटवून घ्यायची घाई सगळ्यांना असते, नेमके तेच दिवस वाईट. नोव्हेंबर ते मार्चची दुपार उत्तम. पावसातच करायचं असेल तर एसी चालू असलेल्या बंद खोलीत तासभर कोरडा करून, तिथेच मारून, रात्रभर तिथेच ठेवणारा माणूस शोधावा लागेल.

खाऱ्या हवेपासून बचाव हा मुद्दा मात्र पूर्ण उडवून लावण्यासारखा नाही. मिरामार, कोलवा, वास्को अशा ठिकाणी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाड्यांची पाती समोरच्या कडेपासून पांढऱ्या भुकटीने खाल्ली जातात, बोट लावलं की चुरा पडतो. समोरच्या कडेवरचा पातळ रंग त्या कडेचं खाणं लांबवतो. आतल्या भागाला तो काही करत नाही, तिथे गोड्या पाण्याची धारच उपयोगी. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालणं गोव्यात गुन्हा आहेच. पकडले गेला नाहीत तरी चाकाने उडवलेलं खारं पाणी इंटरकूलरच्या खालच्या टाकीच्या सांध्यात बसतं, आणि त्याला कुठलाच रंग पुरत नाही. लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या कानात बसतात तिथेही मिठाच्या ओलीने आधी अ‍ॅल्युमिनियम जातं. बसवताना त्या बोल्टना ग्रीस लावायला सांगावं, पैसे पडत नाहीत.

फरक मोजून दाखवणाऱ्यांबद्दल. दुकानात इन्फ्रारेड गन मारून दाखवतात, आणि ती गन इथे फसवते. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःचं प्रारण फार कमी करतं, त्यामुळे गन खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा देते. काळ्या रंगावर ती खरा आकडा देते. त्यामुळे त्याच तापमानाच्या दोन पृष्ठभागांवर काळा जास्त गरम दिसतो. मग "बघा, कशी उष्णता बाहेर टाकतोय" हे ऐकवलं जातं. कोऱ्या भागावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर गन मारा, आकडे जुळतील.

खरं मोजायचं तर ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान बघावं. त्यात प्रत्येक आकड्याला पीआयडी नावाचा क्रमांक असतो. पीआयडी ०एफ म्हणजे इनटेक एअर टेम्परेचर, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान. पण काही गाड्यांत हा सेन्सर एअर फिल्टरजवळ, टर्बोच्या आधी असतो, तिथे त्याचा उपयोग शून्य. गाडी पीआयडी ७७ देत असेल तर तेच वाचावं, ते चार्ज एअर कूलरचं, म्हणजे इंटरकूलरचंच, तापमान आहे. केरीहून चोर्ला घाट चढताना ठरावीक वळणापासून, ठरावीक गिअरमध्ये, एकाच वेगाने, आणि बाहेरचं तापमान वजा करून. सकाळ आणि दुपारमधला बाहेरचा फरकच निदान चार-पाच अंशांचा असतो, रंगाचा अंशाचा तिसरा हिस्सा त्यात सापडत नाही.

पैशांचं म्हणाल तर रंगाचा डबा हा किरकोळ खर्च. मजुरी जाते बंपर आणि होज काढण्या-घालण्यात, आणि तिथेच सगळ्यात महागडी हयगय होते: इंटरकूलर आणि कंडेन्सरच्या कडेला लावलेल्या फोमच्या पट्ट्या. बंपर उतरला की त्या फाटतात, हरवतात, आणि कोणी परत लावत नाही. मग समोरून शिरलेला वारा पात्यांमधून जाण्याऐवजी कडेच्या मोकळ्या फटीतून निसटतो. रंगाने मिळणाऱ्या अर्ध्या टक्क्याच्या कितीतरी पट नुकसान तिथे होतं. गाडी ताब्यात घेताना बंपर चढवण्याआधी एकदा वाकून बघा: फोम चारी बाजूंनी आहे का, क्लॅम्प मूळ खुणेवर बसलेत का, आणि जाळीसमोर लावलेले जास्तीचे दिवे किंवा रुंद नंबरप्लेट इंटरकूलरच्या नेमक्या समोर तर येत नाही ना. त्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये जोर दिल्यावर शिट्टीसारखा आवाज किंवा काळा धूर दिसला तर होज नीट बसलेला नाही. त्याच दुकानात परत न्या, हे दुरुस्त करून देणं त्यांच्याच मजुरीत येतं.